कलम गेलं, खुंट राहिला

आमच्या गच्चीवर निळ्या ड्रमात एक झाड आहे आणि त्याच्या गळ्यात एक पिवळी चिठ्ठी होती. सुतळीने बांधलेली, प्लॅस्टिकची. तिच्यावर नर्सरीतल्या पोराच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'हास'. मी पोस्टात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पत्ते लावण्यात. त्यामुळे लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवायची मला खोड आहे. पाकिटावर कुलकर्णी असेल तर आतलं पत्र कुलकर्ण्यांचंच, हे धरूनच आमचं खातं चालतं. दीड वर्ष मी त्या झाडाला हास समजून पाणी घातलं. मग एके दिवशी कळलं, की पाकीट एकाचं आणि पत्र भलत्याचंच.

पण ते नंतर. आधी फळाचं सांगते.

ॲव्होकॅडो आमच्या घरात सुनेच्या पावलांनी आला. चार दिवसांसाठी पुण्याहून आलेली सून सकाळी म्हणाली, "आई, आज पोहे नकोत, मी टोस्ट करते." म्हटलं कर बाई. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून तिने दोन फळं आणली, अडीचशे रुपयांची. वर टांझानियाचा स्टिकर. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण परदेशचे पाहुणे आमच्या कामोठ्यात त्याच्या कितीतरी आधी उतरायला लागले होते, ते असे. ह्यांनी फळ हातात घेतलं, आंबा दाबून बघतात तसं दाबून बघितलं आणि निकाल दिला, "नासलंय."

"नाही बाबा, पिकलंय. काळं पडलं की पिकलं म्हणायचं."

ह्यांनी एक चमचा गर तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग अगदी सौम्य आवाजात विचारलं, "ह्याला चव कधी येते?"

सुनेने त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ घातलं. आता मात्र दोन टोस्ट गेले. "छान लागतंय," हे म्हणाले, "पण ह्यात त्याचं कर्तृत्व काय? एवढं सगळं घातलं तर भिजवलेला पुठ्ठासुद्धा छान लागेल."

कर्नाटकात ह्याला बेण्णे हण्णु म्हणतात, म्हणजे लोण्याचं फळ. तमिळ आणि मल्याळममध्येही लोण्यावरूनच नाव पडलंय. मराठीने अजून ह्याचं नीट बारसं केलेलं नाही. कुणी बटर फ्रूट म्हणतं. आमचा फळवाला तर नुसतं 'कॅडो' म्हणतो, जसा काही त्याच्या मेहुण्याचा दोस्त. नाव नाही म्हणून असेल, पण घरात त्याच्याबद्दल थोडी परकेपणाची भावना होती. ती मोडली नातवाने. त्याने बाठा धुतला, त्याला तीन बाजूंनी टूथपिक टोचल्या आणि पाण्याच्या ग्लासावर टांगून ठेवला. केवढा तो बाठा! मोठ्या लिंबाएवढा. असलं बी अख्खं गिळून लांब नेऊन टाकणारं जनावर आता पृथ्वीवर कुठे आहे, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. काहींचा अंदाज असा, की मध्य अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी जे अजस्र प्राणी हिंडत होते, त्यांच्यासाठी हे फळ घडलं. प्राणी संपले, बाठा तेवढा राहिला. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुधाच्या पिशव्यांच्या रांगेत राहिला. सहा आठवड्यांनी तडकला, खाली पांढरं मूळ, वर तांबूस कोंब. ह्यांनी लगेच हिशेब मांडला: एक झाड, दोनशे फळं, सव्वाशे रुपयांना एक.

मी कोकणात दिलेली मुलगी. बाठ्यावर भरवसा ठेवू नये एवढं मला सासरी पहिल्या वर्षीच शिकवलं गेलं. हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही. जे येतं त्याला रायवळ म्हणतात. तो गोड निघेल, आंबट निघेल, नुसतीच दोरी निघेल. हापूस हवा तर हापूसची काडी दुसऱ्या रोपावर बांधायला हवी, म्हणजे कलम. खाली खुंट, वर काडी, मध्ये जोड. ॲव्होकॅडोचंही अगदी तसंच. बी लावलं तर झाड हमखास येतं, पण फळाला पाच वर्षं लागतील, दहा लागतील, आणि फळ कसं निघेल ते त्या झाडालाही माहीत नसतं. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरतं आणि ते आईसारखंच असतं. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. बासष्ट अधिक दहा ही बेरीज मला आवडली नाही. बासष्ट अधिक तीन ठीक होती. निवृत्त माणूस झाडसुद्धा मुदत ठेवीसारखं बघतो.

म्हणून आम्ही ॲव्होकॅडोच्या हास वाणाचं कलम आणायला महामार्गालगतच्या एका नर्सरीत गेलो. बाराशे रुपयांना कमरेएवढं रोप, जोडाला प्लॅस्टिकची पट्टी, गळ्यात चिठ्ठी. "हासच आहे ना?" मी तीनदा विचारलं. "हासच आहे मॅडम," पोरगा तिन्ही वेळा तेवढ्याच प्रेमाने म्हणाला. रिक्षात ते माझ्या आणि ह्यांच्या मध्ये बसलं. त्याचा शेंडा बाहेर, आणि दर गतिरोधकाला ते ह्यांच्या चष्म्यावर पान मारत होतं.

सोसायटीचं सांगायलाच हवं. आमच्याकडे गच्चीवर पापड वाळवण्यालाही ठराव लागतो. दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून त्यात झाड लावणार म्हटल्यावर सचिवांनी वजनाचा मुद्दा काढला. ओल्या मातीसकट दीडशे किलो. "म्हणजे दोन माणसं," मी म्हटलं, "आम्ही दोघं गच्चीवर गेलो तर चालतं ना?" "तुम्ही खाली येता, वहिनी," सचिव म्हणाले. ह्याला उत्तर नव्हतं. शेवटी ड्रम खांबाच्या डोक्यावर ठेवायचा, खाली विटा द्यायच्या, आणि पहिल्या बहराची फळं कमिटीला द्यायची अशा अटींवर परवानगी मिळाली. तिसरी अट लेखी नाही.

आता माती आणि पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

कामोठे पनवेलजवळचं, खाडीकाठचं गाव. सिडको १९७० साली आली, मग शेतांवर मुरूम पडला, मुरुमावर सेक्टर पडले, सेक्टरांवर आम्ही पडलो: सातारचे, सांगलीचे, कोकणातले, उत्तरेकडचे. त्याआधी इथे आगरी लोकांची भातशेती होती, मिठागरं होती आणि खाडीचं पाणी अडवणारे बांध होते. आमच्या फाटकाशी सुकी मासळी घेऊन एक आजी बसतात, मूळ गावठाणातल्या. उन्हाळ्यात त्या पाण्याची बाटली भरायला वर येतात. ड्रमाकडे बघून त्यांनी विचारलं, "यो कनचा झार गो बाय?" मी सांगितलं. त्यांनी एका पानाचा शेंडा बोटात धरला. तो करपून तपकिरी झाला होता. "खारं पानी लागलं याला," त्या म्हणाल्या. "आमचे शेतान खारं पानी शिरलं का भात पन असाच जलायचा. बांध फुटला का तीन वर्सं जमीन उठत नसं."

मी त्यांना ड्रमातली माती नर्सरीतली आहे असं समजावू लागले, आणि मग आठवलं, की पाणी टँकरचं आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे जे पाणी येतं त्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांतही शिजत नाही. मी तेच पाणी रोज त्या झाडाला घालत होते. फळझाडांमध्ये मिठाला अत्यंत नाजूक म्हणून जी झाडं सांगतात, त्यांत ॲव्होकॅडो अगदी वरच्या नंबरात बसतो. आणि आणला कुठे? पनवेलात! इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी मीठ सोसणारा भात तयार केला. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी त्या वाणांची नावं. माणसं इथल्या मिठात काय तगेल ते शोधण्यात आयुष्य घालवतात आणि मी बाराशे रुपये देऊन मिठाने मरणारं झाड विकत आणते. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "तू आधी कुणाला विचारायला हवं होतंस." मी म्हटलं, "विचारलं होतं. हासच आहे का म्हणून."

खारेपणा एक आणि दलदल दुसरी. ॲव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीत पसरलेली असतात आणि त्यांना पाण्यात उभं राहायला अजिबात आवडत नाही. पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाची मुळांची कूज लागते आणि झाड वरून सुकायला लागतं. मग माणूस म्हणतो, सुकतंय, पाणी घाला. म्हणजे आजार आणि औषध एकच. कामोठ्याच्या पावसाळ्यात रस्ता कुठला आणि गटार कुठलं हे आठवणीने ओळखावं लागतं. तिथे मुळं कोरडी ठेवायची! मी ड्रमाला खाली बारा भोकं पाडली, विटांचे तुकडे घातले, मातीत निम्मा कोकोपीट आणि जाड वाळू, शेणखत, निंबोळी पेंड, वर ट्रायकोडर्मा. मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर दिला, बुंध्यापासून चार बोटं सोडून. कोवळ्या खोडाला ऊन भाजतं म्हणून चुना लावला, मध्ये गेरूचा पट्टा दिला. ह्यांनी बघून विचारलं, "आता किलोमीटरचा आकडापण टाकतेस का?" टँकरचे दिवस सुरू झाले की मी पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी घालायचा विचार केला होता, बरं झालं घातलं नाही, त्यात तर मीठ आणखी आटलेलं असतं. शेवटी पावसाळ्यात पाच पिंपं भरून ठेवायला लागले. घरात कुणी त्यात हात धुतले तर मी भांडते.

फुलांची भानगड निराळीच. ॲव्होकॅडोचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं, एकदा बाई म्हणून आणि दुसऱ्या दिवशी बुवा म्हणून. ह्यात दोन गट. 'अ' गटातल्या झाडाची फुलं सकाळी मादी म्हणून उघडतात, दुपारी मिटतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन येतात. 'ब' गटाची दुपारी मादी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणजे एका झाडाची बाई घरी असते तेव्हा त्याच झाडाचा बुवा कामावर असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये अशी तीन जोडपी आहेत. ती सकाळच्या पाळीची, तो रात्रपाळीचा, भेट होते ती मानसरोवर स्टेशनच्या जिन्यात. म्हणून शेजारी दुसऱ्या गटाचं झाड असावं म्हणतात. हास 'अ' गटातला. हवा कमीजास्त झाली की वेळापत्रक थोडं बिघडतं आणि एकाच झाडावरही बाई-बुवाची गाठ पडते, त्यामुळे अगदीच एकटं झाड वांझ राहतं असं नाही. पण मोठं झाड लाखांनी फुलं काढतं आणि हजारात एखादं फळ टिकलं तरी नशीब. बाकीचं सगळं गळून जातं. हे वाचल्यावर ह्यांनी दोनशे फळांचा जुना हिशेब गुपचूप फाडून टाकला.

इतकं सगळं असूनही झाड वाढलं. पहिल्या उन्हाळ्यात एक फांदी वाळली, पण तिच्या खालून नवी फूट आली आणि ती अशी सुसाट निघाली, की दिवाळीपर्यंत पाण्याच्या टाकीच्या झाकणाला लागली. तळहाताएवढी पानं, वरची तांबूस, खालची काळपट हिरवी. वाळकी फांदी मीच कात्रीने कापली आणि ओल्या कचऱ्यात टाकली. ह्यांचं म्हणणं ती सुक्यात जायला हवी होती. त्यावर आमचा दहा मिनिटं वाद झाला. बघायला येणाऱ्यांना मी चिठ्ठी दाखवायचे. "हास आहे," म्हणायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण चिठ्ठी वाचायचे. सूनबाईंनी झाडाचा फोटो पुण्यातल्या मैत्रिणींना पाठवला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने लव्हबर्डसाठी पान मागितलं, तेव्हा मात्र मी दिलं नाही. ॲव्होकॅडोची पानं आणि फळ, दोन्ही पक्ष्यांना विषारी असतात, गुराढोरांनाही. पिंजऱ्यातल्या पाखराला चुकूनही घालू नये.

मग पौषात भाऊजी आले. माझे धाकटे दीर, राजापूरकडे त्यांची आंब्याची कलमं आहेत. भाऊजी गच्चीवर गेले, झाडाकडे बघितलं, वाकले, बुंध्यावरून बोट फिरवलं, पुन्हा सरळ उभे राहिले आणि तंबाखू मळू लागले. कोकणातला माणूस तंबाखू मळू लागला की बातमी चांगली नसते.

"वहिनी, कलम गेलं तुमचं."

"गेलं म्हणजे? एवढं हिरवंगार तर आहे!"

"हिरवा आहे तो खुंट. हा बघा जोड. ह्याच्या वर काय होतं?"

वर एक वाळकी फांदी होती.

"तिचं काय केलंत?"

"ओल्या कचऱ्यात टाकली."

"सुक्यात टाकायला हवी होती," मागून आवाज आला. ते हेच होते.

म्हणजे ज्या काडीसाठी बाराशे रुपये मोजले ती मीच कापून टाकली, आणि जोडाखालून उठलेल्या खुंटाच्या फुटीला दीड वर्ष लाड करून वाढवलं. आंब्याच्या बागेत जोडाखालची फूट दिसली की पहिल्यांदा मोडतात. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून दिसलं नाही, कारण मी झाडाकडे बघतच नव्हते, चिठ्ठी बघत होते. "आणि ती सुतळी काढा आधी," भाऊजी जाता जाता म्हणाले, "गळ्याला फास बसतोय."

"गड आला पण सिंह गेला," हे म्हणाले. भाऊजी म्हणाले, "दादा, उलटं. सिंह गेला आणि गडपण आपला नाही."

त्या रात्री मी ह्या हास नावाच्या प्राण्याची माहिती काढायला बसले आणि उठून दिवा लावावा लागला, इतकी रंगले. हास हा माणूस होता. रुडॉल्फ हास, कॅलिफोर्नियातला पोस्टमन. आमच्याच खात्यातला! एका मासिकात ॲव्होकॅडोच्या झाडाला डॉलरच्या नोटा लटकलेलं चित्र त्याने बघितलं आणि ला हाब्रा हाइट्स इथे दीड एकराचा तुकडा घेतला, असं सांगतात. म्हणजे तिथल्या पोस्टमनलाही ह्यांच्यासारखेच हिशेब सुचत होते. १९२६ च्या सुमारास त्याने बिया लावल्या, त्या रोपांवर त्या काळचा नावाजलेला फ्युएर्ते वाण बांधून घ्यायचा म्हणून. कलमं बांधणारा कारागीर आला. बाकीची रोपं लागली, पण एका रोपावर कलम धरेना. पुन्हा बांधलं, पुन्हा गेलं. हास ते रोप उपटून टाकायला निघाला, तर कारागीर म्हणाला, खुंट जोरदार आहे, राहू दे तसाच. राहिला. त्याला जे फळ धरलं ते काळ्या, खरबरीत सालीचं, तेव्हाच्या गुळगुळीत हिरव्या फळांपुढे अगदीच कुरूप. पण हासच्या मुलांना तेच आवडलं. १९३५ साली त्याने पेटंट घेतलं. एक रोप विकत घ्यायचं आणि त्याच्या काड्यांवर अख्खी बाग बांधायची, असं लोकांनी केलं. म्हणून त्या पेटंटचे त्याला आयुष्यभरात मिळाले जेमतेम पाच हजार डॉलर. तो पोस्टातच नोकरी करत राहिला आणि १९५२ साली वारला. आज जगाच्या बाजारात जो ॲव्होकॅडो विकला जातो तो मुख्यतः त्याच एका झाडाच्या काड्यांचा पसारा. टांझानियाच्या स्टिकरखालचा आमचा टोस्टसुद्धा. मूळ झाड २००२ साली मुळांच्या कुजीने गेलं.

म्हणजे हासदेखील कलम गेलेला खुंटच. रायवळ.

हे मी सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं. "मग आपलाही तसाच निघेल," हे म्हणाले. मी म्हटलं, लाखात एखादा तसा निघतो. "पण पोस्टातल्यांच्या घरी निघतो," हे म्हणाले. आता ह्यात तर्क कुठला, पण मला दिवसभर बरं वाटलं.

नंतर मी खुंटाचीच चौकशी सुरू केली. ॲव्होकॅडोच्या तीन जाती-जमाती सांगतात: मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. मेक्सिकन असेल तर पान चुरगळल्यावर बडीशेपेचा वास येतो. आम्ही दोघांनी पान चुरगळून हुंगलं. बडीशेप नाही, नुसता हिरवा वास. हे झाड दालचिनी आणि तमालपत्राच्या घराण्यातलं आहे हे ऐकून ह्यांनी मसालेभाताचा विषय काढला होता, तो तिथेच संपला. वेस्ट इंडियन जमात सखल, उष्ण, दमट मुलखातली आणि तिघींमध्ये खारं पाणी त्यातल्या त्यात सोसणारी. इस्रायलात खाऱ्या पाण्यासाठी तिचेच खुंट वापरतात. आमचा खुंट दक्षिणेतल्या कुठल्या तरी परसातल्या बाठ्याचा असेल. कुणाच्या, कोण सांगणार? चिठ्ठीवर काडीचं नाव असतं. खुंटाचं नाव कुठल्याच नर्सरीत कुणी लिहीत नाही. मीठ त्याने प्यायचं, दलदल त्याने सोसायची, नाव वरच्याचं. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. जुन्या नावाने मला हाक मारणारी माणसं आता दोनच उरली आहेत.

आमच्या स्टेशनचंच घ्या ना. कामोठ्याला स्टेशन आहे, पण पाटीवर कामोठे नाही, मानसरोवर आहे. हिमालयापलीकडचं सरोवर आणून खाडीकाठच्या भातखाचरात बांधलंय. पुढचं स्टेशन खांदेश्वर, ते तरी इथल्या देवाचं. फाटकाजवळच्या आजींना मी एकदा म्हटलं, "तुमच्या शेताच्या जागी कुठली बिल्डिंग आली?" त्यांनी हाताने अंदाजे तीन सेक्टर दाखवले. ह्याच टापूतल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन केलं, त्यात पाच जण गेले, दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला, आणि त्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत द्यायची योजना आली. आम्ही राहतो तो प्लॉटही साडेबारा टक्क्यांतला. सोसायटीच्या पाटीवर मात्र एका स्विस डोंगराचं नाव आहे.

भाऊजींना माझी दया आली असावी. फाल्गुनात त्यांचा फोन आला, "वहिनी, काडी पाठवतोय. अर्का सुप्रीम. माझ्या ओळखीच्याने कोडगूतल्या चेट्टळ्ळीहून झाड आणलं होतं, त्याची." चेट्टळ्ळीला भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथून अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी हे दोन वाण निघालेत, आपल्याकडच्या हवेतले. तमिळनाडूत तडियनकुडिसैचा टीकेडी-१ आहे. म्हणजे खुंटाला स्थळं काही वाईट नव्हती. काडी ओल्या कागदात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एसटीने पनवेल स्टँडला आली. वितीएवढ्या तीन काड्या, पानं कापलेल्या, डोळे फुगलेले. "आठ दिवसांत बांधून घ्या," भाऊजी म्हणाले. "खुंट कमरेवर छाटायचा, पाचर मारायची, पट्टी गुंडाळायची, वरून पेप्सीची पिशवी चढवायची. तिथला कुणी माळी करेल."

मी काड्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी माळी येणार होता, मीच त्याला परवा ये म्हटलं. परवा एकादशी होती. एकादशीला झाड छाटत नाहीत असं माझ्या आजीचं मत होतं, ते मला चाळीस वर्षांनी अचानक आठवलं. चौथ्या दिवशी मी कात्री घेऊन स्वतः गच्चीवर गेले. कमरेवर छाटायचा म्हणजे टाकीच्या झाकणापर्यंत गेलेला सगळा डोलारा काढायचा. शेंड्याला नवी पालवी होती, तांब्याच्या भांड्यासारखी. मी त्याला थोडं पाणी घातलं, पिंपातलं, आणि खाली आले. सहाव्या दिवशी ह्यांनी फ्रिज उघडून विचारलं, "ही लिंबाची काटकी कशाला ठेवलीस?" मी म्हटलं, "असू दे."

दहाव्या दिवशी भाऊजींचा फोन आला.

"बांधली काडी?"

"बांधते हो. उद्या."

"वहिनी, काडी सुकली असेल आता."

"असेल."

भाऊजी थोडा वेळ गप्प होते. तिकडे तंबाखू मळत असावेत. मग म्हणाले, "फुलं आली की कळवा. सकाळी उमलतात की दुपारी ते बघून ठेवा. आणि ती सुतळी काढलीत का?"

काढली नव्हती. मी फोन ठेवला, भाजी चिरायची सुरी घेतली आणि वर गेले. सुतळी खोडात रुतली होती; सोडवता येईना, कापावी लागली. खाली फिकट, ओलसर, बोटाएवढा खाचा पडला होता, अंगठी फार वर्षांनी काढल्यावर पडलेला असतो तसा. चिठ्ठीवरची शाई पावसाने केव्हाच गेली होती. मी ती खिशात टाकली. बाजूच्या ड्रमात नातवाचा बाठा आता गुडघ्याएवढा झालाय. त्याला अजून कुणी काही बांधलेलं नाही.